‘अबाउट श्मिट’ बघून झाल्यावर विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही एक सिनेमा दाखवतो. सोसायटीचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, दुपारची झोप झाल्यावर साडेचारची वेळ आणि मध्यंतरात चहा. आतापर्यंत सगळ्यात जास्त प्रश्न आले ते ‘अबाउट श्मिट’ या अमेरिकन चित्रपटावर. काही जण खेळ संपल्यावर लगेच विचारतात, काही दोन दिवसांनी फोन करतात. एक काकू तर भाजीच्या गाडीपाशी थांबवून अर्धा तास बोलल्या. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. यात शेवटही सांगितलेला आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचा आहे त्यांनी पहिल्या दोन-तीन प्रश्नांनंतर थांबावं.

सिनेमा थोडक्यात कशाबद्दल आहे?

वॉरन श्मिट, वय ६६, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात एका विमा कंपनीतून निवृत्त होतो. बेचाळीस वर्षांचा संसार आहे, एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात आहे, फिरायला जायचं म्हणून एक भलीमोठी मोटारघर-गाडी घेऊन ठेवली आहे. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत बायको अचानक जाते. त्यानंतर तो त्या गाडीतून एकटाच निघतो, मुलीच्या लग्नाला पोहोचतो आणि परत येतो. घडतं ते एवढंच.

बाकीचा सगळा सिनेमा त्या माणसाच्या आत घडतो. पैशाची ददात नाही, आजारपण नाही, कुणी छळ करत नाही. तरी त्याला सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही.

कुणी केलाय? किती वेळाचा आहे?

२००२ सालचा, दोन तास पाच मिनिटांचा. दिग्दर्शक अलेक्झांडर पेन, जो स्वतः ओमाहाचाच. पटकथा त्याची आणि जिम टेलरची. श्मिट झालाय जॅक निकल्सन, बायको हेलन झाली आहे जून स्क्विब, मुलगी जीनी म्हणजे होप डेव्हिस आणि विहीणबाई कॅथी बेट्स. कान महोत्सवात तो स्पर्धा विभागात होता. निकल्सन आणि बेट्स या दोघांना ऑस्करचं नामांकन मिळालं. गोल्डन ग्लोबमध्ये निकल्सनला अभिनयाचं आणि पेन-टेलर जोडीला पटकथेचं पारितोषिक मिळालं.

मूळ कादंबरी आधी वाचायला हवी का?

नको. लुई बेगलींची त्याच नावाची कादंबरी १९९६ची आहे, पण तिच्यातला श्मिट न्यूयॉर्कच्या श्रीमंत वर्तुळातला निवृत्त वकील आहे. सिनेमाने नाव घेतलं, विधुर माणूस आणि मुलीचं लग्न घेतलं, बाकी जवळपास सगळं बदललं. शहर बदललं, धंदा बदलला, आणि पैशाची ऐट काढून टाकली. मला तो बदल फार मोलाचा वाटतो, कारण मध्यमवर्गीय श्मिट आपल्या ओळखीचा निघतो. डहाणूकर कॉलनीत, सहकारनगरात, कर्वेनगरात असे श्मिट रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले दिसतात.

सुरुवातीला तो घड्याळाकडे इतका वेळ का बघत बसतो?

हा प्रश्न बहुतेक बायका विचारतात. पुरुष विचारत नाहीत.

कचेरीतला शेवटचा दिवस. टेबल मोकळं आहे, कागदपत्रं खोक्यांत भरून भिंतीला लावून ठेवलेली आहेत, तो कोट घालून खुर्चीत बसलाय आणि भिंतीवरचा काटा पाचवर यायची वाट बघतोय. काम काहीच उरलेलं नाही. चार वाजता निघाला असता तरी कुणी अडवलं नसतं. पण तो पाचलाच उठतो. ज्याने तीस-पस्तीस वर्षं मस्टरवर सही केली आहे, त्याला त्या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे काही दिवसांनी तो कचेरीत चक्कर मारतो. जागेवर आलेल्या तरुणाला विचारतो, काही अडलंय का, काही मदत हवी का? तरुण छान हसतो, गोड बोलतो आणि दोन मिनिटांत त्याला वाटेला लावतो. खाली आल्यावर श्मिटला दिसतं की त्याची ती नीट लावलेली खोकी कचऱ्याशेजारी रचून ठेवली आहेत. कुणीही उघडलेली नाहीत.

इथे मी दर वेळी हॉलमध्ये मागे उभी राहून बघते. या प्रसंगाला खुर्च्यांचा आवाज पूर्ण थांबतो. एकदा एक काका उठून बाहेर पाणी प्यायला गेले आणि मध्यंतरापर्यंत आत आले नाहीत. नंतर म्हणाले, “माझ्या वेळी निदान फायली जपून ठेवायचे.” मग थोडं थांबून म्हणाले, “असं मला वाटतं.”

तो कामाला नक्की काय होता?

ॲक्च्युअरी, म्हणजे विमागणिती. माणूस किती जगेल याचा अंदाज आकड्यांत बांधायचा आणि त्यावरून विम्याचा हप्ता ठरवायचा, हे त्याचं काम. लेखकांनी हा धंदा विचार करून निवडला आहे. बायको गेल्यावर तो एका पत्रात स्वतःचाच हिशोब मांडतो: पुन्हा लग्न केलं नाही तर पुढच्या नऊ वर्षांत आपण मरण्याची शक्यता ७३ टक्के. जन्मभर दुसऱ्यांच्या मरणाचं गणित केलं, आता स्वतःचं करतो आणि उत्तर तितक्याच कोरड्या आवाजात सांगतो. दुःख कसं बोलायचं ते त्याला माहीत नाही, म्हणून तो टक्केवारीत बोलतो.

माझे वडीलही आकड्यांतलेच. सरकारी खात्यात लेखापाल होते. आई गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, “पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. वय एकोणसत्तर वर्षं पाच महिने.” पुढे काही नाही. लोकांना ते कठोर वाटायचं. मलाही वाटलं होतं. हा सिनेमा बघितल्यावर मला माझे वडील थोडे उलगडले, आणि गटात हा सिनेमा दाखवायचाच हा हट्ट मी धरला त्याचं कारण हेच.

बायकोबद्दल तो इतकं वाईट लिहितो. त्याचं तिच्यावर प्रेम होतं की नव्हतं?

आमच्याकडे यावर दोन तट पडतात.

ती जिवंत असताना तो पत्रात तिच्या तक्रारी ओततो. तिचा वास, तिची बोलायची तऱ्हा, तिने लावलेले बाथरूमचे नियम. माझ्या घरात राहणारी ही म्हातारी कोण, असा प्रश्न त्याला रात्री बिछान्यात पडतो. हे ऐकून काकू मंडळी चिडतात आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे. बेचाळीस वर्षं तिने केलेला स्वयंपाक जेवून हा माणूस तिच्या वासाची तक्रार करतो.

मग एक दिवस तो पत्र टाकून परत येतो, तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली. शेजारी व्हॅक्युम क्लीनर चालूच आहे. मेंदूत गुठळी. फरशी साफ करता करता गेली.

त्यानंतरचा भाग नीट बघा. घराचा उकिरडा होतो. पायजम्यावर कोट चढवून तो दुकानात जातो आणि गोठवलेले खाण्याचे डबे गाडीत भरत सुटतो. ज्या वासाचा त्याला तिटकारा होता तो हुंगायला तिच्या क्रीमच्या बाटल्या उघडतो, ते क्रीम स्वतःच्या चेहऱ्याला लावतो. तिच्या कपड्यांत तोंड खुपसतो. प्रेम होतं का, या प्रश्नाला सिनेमा सरळ उत्तर देत नाही, पण मला ते या दृश्यात मिळतं. सवय इतकी खोल गेलेली असते की तिला प्रेम म्हणायचं त्याला कधी सुचलंच नाही. माणूस गेल्यावर ती सवय तुटते आणि मग दुखतं.

आमच्या घरी आईचा पावडरचा डबा वर्षभर आरशासमोर तसाच होता. वडील रोज सकाळी दाढी करताना तो उचलून त्याखालची काच पुसायचे आणि डबा परत त्याच गोल डागावर ठेवायचे. मी एकदा तो आवरून कपाटात ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा आरशासमोर होता. यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

एन्डुगू कोण? श्मिट त्याला पत्रं का लिहितो?

टीव्हीवर जाहिरात बघून तो चाइल्डरीच या संस्थेमार्फत टांझानियातल्या सहा वर्षांच्या एका मुलाचं, एन्डुगूचं, पालकत्व घेतो, महिन्याला २२ डॉलर. चाइल्डरीच ही खरीखुरी संस्था होती. प्लान या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ते तेव्हाचं अमेरिकेतलं नाव. चेकबरोबर मुलाला एक पत्रही लिहा, अशी सूचना येते. श्मिट लिहायला बसतो, औपचारिक चार ओळींनी सुरुवात करतो आणि बघता बघता बायको, कचेरी, मुलगी, जावई सगळ्यांवरचा राग कागदावर उतरतो. सिनेमाभर आपण जो त्याचा आवाज ऐकतो, तो या पत्रांचा.

सहा वर्षांच्या पोराला असलं काही लिहितात का, असं हॉलमध्ये कुणीतरी पुटपुटतंच. लिहीत नाहीत. पण जरा मोजून बघा: दुसऱ्या कुणाशी हा माणूस खरं बोलतो? बायकोशी नाही. मित्राशी नाही. मुलीशी बोलायला जातो तेव्हा तोंडून सल्लेच निघतात. समोर बसलेल्या माणसाशी खरं बोलायची त्याला कधी सवयच नव्हती. हजारो मैल लांबचं, कधीही न भेटणारं एक मूल मिळालं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. माझ्या मते सिनेमाचा गाभा इथे आहे. नोकरी गेली आणि बायको गेली म्हणून तो एकटा पडला असं आपण धरून चालतो. तो एकटा कितीतरी आधीपासून होता. कचेरी आणि हेलन यांच्यामुळे ते झाकलेलं होतं.

एन्डुगू, म्हणजे मुळात ‘न्दुगू’, हा स्वाहिली शब्द आहे. अर्थ भाऊ, भावंड, आप्त. टांझानियात समाजवादाच्या काळात एकमेकांना हाक मारतानाही तो वापरत. पटकथाकारांनी हे नाव अर्थ बघून ठेवलं की नाही ते सोडा, प्रत्येक पत्राच्या वर श्मिट ‘प्रिय भाऊ’ लिहितोय हे कळल्यावर ती पत्रं वेगळी ऐकू येतात.

मुलगी इतकी निष्ठुर का आहे?

ती निष्ठुर नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी मी हेच सांगते.

जीनी डेन्व्हरला राहते, ओमाहाहून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या पुणे-नागपूरपेक्षाही लांब. आईच्या अंत्यसंस्काराला ती येते, दोन दिवस राहते, वडील म्हणतात थांब आणि माझी काळजी घे. ती नाही म्हणते. तिला नोकरी आहे, लग्न तोंडावर आहे. शिवाय तिच्या मनात एक जखम आहे: आईसाठी वडिलांनी स्वस्तातली शवपेटी घेतली. ते ती तोंडावर बोलून दाखवते, आणि ते एवढंच म्हणतात की याहून स्वस्त पेटीही होती, ती मी घेतली नाही. पुढे ते वाटेतून फोन करतात, आधीच येतो म्हणतात, तेव्हा ती स्पष्ट सांगते की लग्नाच्या एक-दोन दिवस आधी या, त्याहून लवकर नको.

आपल्या गटातल्या निम्म्याहून जास्त घरांतली मुलं अमेरिकेत, जर्मनीत नाहीतर बंगळुरात आहेत. सकाळी साडेआठला इकडे चहा आणि तिकडे रात्र, तेव्हाचा तो व्हिडिओ कॉल. नातवंडं पडद्यावर येऊन हात हलवतात आणि पळतात. त्यामुळे हॉलमध्ये जीनीवर राग निघतो. तो खरं तर कुणावरचा आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी फक्त एवढंच म्हणते की श्मिटने तिला लहानपणी कधी उचलून घेतलं, कधी तिचं ऐकलं, याची एकही खूण सिनेमा दाखवत नाही. तिच्या लग्नात एकदम वडील व्हायला गेलं तर कसं जमेल? होणारा नवरा रँडल पाण्याच्या गाद्या विकतो, डोक्यावर मागे लांब केस, जेमतेम बुद्धीचा. सासऱ्याला तो पसंत नाही, मलाही नसता. पण तो श्मिटला मिठी मारायला पुढे होतो.

आपल्याकडे ‘नटसम्राट’ आहे की! मग हा परका सिनेमा कशाला?

शिरवाडकरांचं नाटक १९७० सालचं, आमच्या पिढीने ते रंगमंचावर पाहिलेलं, डॉ. लागूंचं काम आठवलं तरी अंगावर काटा येतो. त्याच्याशी याची तुलना व्हायलाच हवी. गणपतराव बेलवलकर आपल्या हाताने सगळं मुलांना देऊन टाकतात आणि बेघर होतात. त्यात दुखावणारे हात दिसतात. प्रेक्षक कुणावर तरी रागवू शकतो, रडू शकतो आणि मोकळा होऊन घरी जातो.

श्मिटला घर आहे. पेन्शन आहे. कुणीही हाकललेलं नाही. दोष द्यायला माणूसच नाही, आणि हे सोसायला जास्त जड जातं. बेलवलकरांकडे शब्द आहेत, अख्खं वादळ अंगावर घेतील एवढे. श्मिटकडे शब्द नाहीत. आणि बेलवलकरांना कावेरी होती, जिच्याशी ते बोलायचे. दोन्ही पाहावेत, पण एकाच आठवड्यात नकोत.

तो गाडी घेऊन कुठे कुठे जातो?

जन्मगावी होल्ड्रिजला. जिथे घर होतं तिथे आता टायरचं दुकान आहे. मग कॅन्ससला आपल्या जुन्या विद्यापीठात, जिथली पोरं त्याच्याकडे पाहुणा म्हणून बघतात. मधे एका गाडीतळावर एक जोडपं त्याला जेवायला बोलावतं. त्यातल्या बाईच्या लक्षात येतं की हा माणूस आतून घाबरलेला आहे, रागावलेला आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ओळखलं, तर तो भलताच अर्थ काढतो, तिचं चुंबन घ्यायला जातो आणि हाकलला जातो. अवघड प्रसंग आहे, पण खोटा मुळीच नाही.

आपल्याकडे अशी मोटारघरं नाहीत, पण एसटी आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर राज्यभर मोफत. आमच्या गटातले एक आजोबा सिनेमा बघून पुढच्याच आठवड्यात पंच्याहत्तरीच्या जोरावर आपल्या गावी जाऊन आले. वाडा पडलेला, शाळा मात्र तशीच. तीन दिवस सगळ्यांना शाळेच्या घंटेबद्दल सांगत होते.

बायकोची जुनी प्रेमपत्रं सापडतात. त्याचं पुढे काय होतं?

हेलनच्या कपाटात त्याला रे नावाच्या स्वतःच्याच जिवलग मित्राची जुनी पत्रं मिळतात. तो मित्राला गाठून भर रस्त्यात त्याच्या अंगावर जातो, तिच्या वस्तू घराबाहेर काढतो. प्रवासात एका रात्री गाडीच्या टपावर बसून, मेणबत्त्या लावून, तिच्याशी बोलतो. तुला माफ केलं म्हणतो. आणि मग विचारतो, तू मला माफ केलंस का? मी तुला हवा होतो तो माणूस होतो का? त्याच वेळी आकाशात तारा निखळतो.

गेलेल्या माणसाचं न सांगितलेलं काहीतरी हाती लागणं हे पुष्कळ घरांत घडतं. प्रेमपत्रंच असायला हवीत असं नाही. एखादं लपवलेलं बँक पासबुक, कुणाला तरी दिलेले पैसे, न दाखवलेला तपासणीचा रिपोर्ट. यावर बोलायला आमच्याकडे लोक हॉलमध्ये तयार होत नाहीत, नंतर एकेकटे फोन करतात. मी ऐकून घेते.

लग्नातलं भाषण तो खोटं करतो ना?

करतो. आपल्याला वाटतं आता हा सगळ्यांची लक्तरं काढणार. तो उठतो, घसा साफ करतो आणि व्याह्यांच्या घरातल्या एकेकाचं कौतुक करून खाली बसतो. आमच्याकडे काहींना हा पराभव वाटतो. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा तो मुलीला जे हवं ते देतो. किंमत काय पडली ते भाषणानंतर तो एकटा असताना चेहऱ्यावर दिसतं. निकल्सनसारखा, भुवई उंचावून पडदा ताब्यात घेणारा नट सबंध सिनेमाभर स्वतःला इतकं आवरून धरतो, तेही मुद्दाम बघण्यासारखं आहे.

शेवटी तो का रडतो?

परतीच्या वाटेवर पत्रात तो लिहितो की आपल्या असण्याने कुणाच्याही आयुष्यात काही फरक पडला नाही. आपण मरू, आपल्याला ओळखणारेही मरतील, मग आपण नव्हतोच असं होईल. घरी येतो. दाराशी टपालाचा ढीग. त्यात टांझानियाहून एका ननचं पत्र. एन्डुगूला लिहिता-वाचता येत नाही, पण तुमची पत्रं त्याला मिळतात, त्याला डोळ्यांचा संसर्ग झाला होता, तो आता बरा आहे, आणि त्याने तुमच्यासाठी चित्र काढलंय.

चित्रात निळं आकाश, सूर्य, एक मोठा माणूस आणि एक लहान मूल. दोघांनी हात धरलेला.

श्मिट बघतो आणि त्याचा चेहरा विरघळतो. रडता रडता ओठ हसू लागतात. तिथेच सिनेमा संपतो. सगळा मनस्ताप ज्याला लिहिला त्याला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्याने हात धरला. का रडतो याचं यापेक्षा जास्त उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी ते शोधतही नाही.

मग हा विनोदी सिनेमा आहे की गंभीर?

दोन्ही. पाण्याच्या गादीवर झोपून त्याची मान धरते तेव्हा हॉलमध्ये लोक मोकळेपणी हसतात.

नातवंडांबरोबर बघता येईल?

नको. विहीणबाई गरम पाण्याच्या टाकीत उतरतात त्या प्रसंगात नग्नता आहे, भाषाही काही ठिकाणी मोठ्यांची आहे. मुलगा-सून-लेक-जावई यांच्याबरोबर मात्र जरूर बघा.

इंग्रजी फारसं कळत नाही. चालेल का?

चालेल. आम्ही इंग्रजी अक्षरं खाली लावतो आणि पत्रांच्या जागी सिनेमा थांबवून मराठीत सांगतो. तसाही हा बोलण्यापेक्षा बघण्याचा सिनेमा आहे.

नुकताच जोडीदार गेलाय. दाखवावा का?

पहिले काही महिने दाखवू नये असं मला वाटतं. वडिलांना मी आई गेल्यावर दीड वर्षाने दाखवला, तोही घरी, दोघांनीच, आणि व्हॅक्युम क्लीनरचा प्रसंग येण्याआधी सांगून ठेवलं.

बघताना माणूस रडला तर रडू द्यावं, पाणी द्यावं, शेजारी बसावं. पण जेवण तुटलंय, झोप उडालीय, जगून काय करू असं वारंवार तोंडात येतंय, असं असेल तर सिनेमा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. हे दोन्ही आकडे आम्ही हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावले आहेत. कृपया घरच्या फोनजवळही लिहून ठेवा.

निवृत्ती जवळ आलीय. यातून काय घ्यायचं?

छंद लावून घ्या असं सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही. स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे आहे ते माहीत करून घ्या. आई गेली त्या आठवड्यात वडिलांना गॅसचं पुस्तक सापडेना, दूधवाल्याचा हिशोब कसा असतो कळेना. चाळीस वर्षं त्या घरात राहून त्यांना पाहुण्यासारखं विचारावं लागत होतं.

त्याच नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो, तर बँकेतल्या यंत्राला त्यांचा अंगठाच ओळखेना. रेषा झिजलेल्या. पुसून झालं, ओला करून झालं, दहाही बोटं झाली. काउंटरवरचा मुलगा दमून म्हणाला, “आजोबा, तुम्ही दिसत नाही आहात.” यंत्रात दिसत नाही असं त्याला म्हणायचं होतं. वडील घरी येईपर्यंत गप्प होते. आता चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, तेव्हा बोटांचा प्रश्न असणाऱ्यांनी तोच मार्ग धरावा. मला मात्र श्मिटची ती कचऱ्याशेजारची खोकी आठवली होती.

खेळ संपल्यावर पोस्टकार्ड का वाटता?

एक पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं. आम्ही प्रत्येकाला एक कार्ड आणि एक पेन देतो आणि पंधरा मिनिटं हॉल शांत ठेवतो. कुणाला लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आम्ही वाचत नाही. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून मगच घरी जायचं, एवढीच अट. श्मिटने कुणाशी तरी खरं बोलायला सुरुवात केली ती कागदावर; समोरासमोर जे अडतं ते लिहिताना सुटतं हे मी इथे दर वेळी बघते.

काही कार्डं कोरीच घरी जातात. ठीक आहे.

काय लिहावं ते सुचत नाही. एखादं उदाहरण द्याल?

वडिलांनी त्यांचं पहिलं कार्ड साताऱ्याच्या माझ्या आत्याला लिहिलं. बहीणभावाचं सहा वर्षं नीट बोलणं नव्हतं, घराच्या वाटणीवरून. त्यांनी तो विषय काढलाच नाही. मला त्यांनी नंतर सांगितलं की दोनच ओळी लिहिल्या: माझी आमटीतली डाळ शिजतच नाही, चिंच कधी घालायची?

नवव्या दिवशी आत्याचं कार्ड आलं. “डाळ पूर्ण शिजल्यावर घाल. आधी घातलीस तर ती शिजत नाही. गूळ त्यानंतर. वहिनी फोडणीत मेथीचे चार दाणे टाकायची, मी तिच्याकडूनच शिकले.” ते कार्ड आमच्या ओट्यावरच्या टाइल्सला चिकटवलेलं आहे. एका कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलंय, आणि शेवटची ओळ फोडणीच्या तेलाने पुसट होत चालली आहे, पण वडिलांना ती आता पाठ आहे.